काय द्यायचं ते ऊर्मिलाला विचारा

भेटवस्तू निवडण्याच्या बाबतीत ऊर्मिला शेजवलकरने आजवर कधी मार खाल्ला नव्हता, आणि हे दुसऱ्या कुणी सांगायची ती वाट बघत नसे. स्वतःच सांगायची. जर्मनीतल्या आखनला येऊन तिला वीस-एक वर्षं झाली होती. गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती इंजिनिअर होती. भाग यंत्रावर चढवायचा, तुटेपर्यंत हलवायचा आणि नेमका कुठे तुटला ते बघायचं, हे तिचं काम. पण गावातल्या मराठी मंडळींत तिची ख्याती वेगळीच होती. कुणाचा साहेब निवृत्त होवो की कुणाच्या शेजारणीची साठी असो, फोन जायचा ऊर्मिलाला. "अगं, त्यांना काय द्यायचं?"

हे 'ते' बहुतेक वेळा डोंगरवेडे निघायचे. या देशात माणसाच्या हाती शनिवार लागला की तो पाठीला सॅक लावतो आणि जंगल गाठतो. पाऊस असला तरी जातो. खरं म्हणजे पाऊस असला तर जरा जास्तच खुशीत जातो. अशा माणसाला द्यायचं काय? आपल्या लोकांची पहिली धाव चांदीच्या वाटीकडे. दुसरी धाव दुकानातल्या सगळ्यात चकचकीत वस्तूकडे, म्हणजे ज्यातून करवतीपासून कानकोरण्यापर्यंत सगळं बाहेर येतं असल्या चाकूकडे. ऊर्मिला दोन्ही धावा जागच्या जागी रोखायची.

"बूट द्यायचे नाहीत, सॅक द्यायची नाही," ती फोनवर बजावायची. "त्या दोन गोष्टी माणूस स्वतःच्या पायाला आणि पाठीला विचारून घेतो. आपण कोण मध्ये तोंड घालणारे? तू फक्त एवढं बघ, तो माणूस बाहेर पडला की दुसऱ्यांकडे काय मागतो. तेच दे."

ही तिची युक्ती, आणि ती अचूक लागू पडायची. या मंडळींतल्याच रुपेशचे साहेब लेनार्ट्‌झ निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातले सगळे मिळून त्यांना भलामोठा तंबू द्यायला निघाले होते. ऊर्मिलाने रुपेशला विचारलं, "गेल्या सहलीत त्यांनी तुझ्याकडे काय मागितलं?" रुपेश आठवून म्हणाला, "चमचा. ते दर वेळी चमचाच विसरतात." तर लेनार्ट्‌झसाहेबांना मिळाला लांब दांड्याचा, पिसासारखा हलका, सॅकच्या पट्ट्याला कडीने अडकवता येणारा चमचा. साहेबांनी निरोपाचा केकसुद्धा त्याच चमच्याने खाल्ला. वरच्या मजल्यावरच्या प्युट्स बाईंना नवे बूट नको होते, जुन्यांवर त्यांचा जीव होता. ऊर्मिलाने ते जुने बूट गुपचूप मोच्याकडे नेऊन त्यांना नवे तळवे बसवून आणले. बाई जिन्यात उभ्या राहून रडल्या. जर्मन बाई जिन्यात रडते म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल.

तर अशा या ऊर्मिलाने मार खाल्ला तो स्वतःच्या घरात, आणि तोही नानांच्या बाबतीत.

नाना म्हणजे शरदचंद्र शेजवलकर, तिचे सासरे. आयुष्यभर पुण्यातल्या एका मशीन टूलच्या कारखान्यात डिझाइनचं काम केलं, आणि आयुष्यभर रविवारी माणसांना सह्याद्रीत नेलं. राजगडाच्या वाटा त्यांना स्वयंपाकघरातल्या डब्यांसारख्या पाठ होत्या. अंधारातही हात बरोबर जायचा. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, प्रभाताई, गेल्या. राजस, ऊर्मिलाचा नवरा, एकुलता एक. त्याने नानांना आखनला आणलं. पाठोपाठ गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, डोंगरसुद्धा चढा. नाना चालायचे, पण खोलीपासून गॅलरीपर्यंत आणि फार तर खालच्या टपालपेटीपर्यंत.

आणि ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मटार सोलता सोलता ते सहज म्हणाले, "ऊर्मिला, पंचाहत्तरी तुमच्याबरोबर करतो. मग मात्र पुण्याला जाईन म्हणतो. इथे माझं काही काम नाही."

ऊर्मिलाने सोललेले मटार चुकून सालांच्या ढिगात टाकले. पुण्याचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट. नाना तिथे एकटे कुकर लावणार आणि एकटेच जेवणार, हे चित्र तिला बघवेना. पण खरी गोष्ट त्याहून साधी होती. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. लग्न होऊन आल्यापासून जिच्याशी भांडावं, जिच्याकडे हट्ट करावा अशी हक्काची एकच मोठी व्यक्ती तिला मिळाली होती, आणि ती म्हणजे नाना. ते जायला निघाले होते आणि तिला ते नको होतं.

"नानांना डोंगर परत मिळाला की नाना कुठेही जात नाहीत," तिने राजसला सांगून टाकलं. "पंचाहत्तरीला सगळी सोय करते. तू बघच."

राजस सॉफ्टवेअरवाला. बायकोने 'तू बघच' म्हटल्यावर फक्त बघायचं, हे तो एव्हाना शिकला होता.

ऊर्मिलाने ग्रुपवर फर्मान काढलं. पंचाहत्तरीला कुणीही शाल-श्रीफळ आणायचं नाही. नाना पुन्हा चालायला लागले पाहिजेत. ज्याने त्याने मी सांगते तेच आणायचं. मग तिने एकेका कुटुंबाला एकेक वस्तू वाटून दिली. दुकानात जाऊन प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली, वजन पाहिलं, पावसात टिकेल का ते विचारलं. एकही वस्तू दोनदा येणार नाही अशी तजवीज केली. एवढं नीट नियोजन तिच्या प्रयोगशाळेतसुद्धा होत नसे.

सप्टेंबरातला तो रविवार छानच गेला. त्यांची वोनुंग, म्हणजे राहता फ्लॅट, माणसांनी भरून गेली. सुकन्याने, म्हणजे रुपेशच्या बायकोने, कणकेचे पंचाहत्तर दिवे करून आणले होते. ते सगळे एकदम पेटवल्यावर छतावरचा राउखमेल्डर धुराने किंचाळायला लागू नये म्हणून राजस स्टुलावर चढून त्याला ओल्या टॉवेलने दाबून उभा होता. औक्षण झालं, श्रीखंड-पुरी झाली. नानांच्या पुढ्यात रंगीत कागदांत बांधलेल्या भेटींचा ढीग साचला. नानांनी प्रत्येकाला हात जोडले आणि ढीग उचलून खोलीत न्यायला ते उठू लागले.

इथेच घोळ झाला. आपल्याकडे पाहुण्यांसमोर भेट उघडत नाहीत. बाजूला ठेवायची, माणसं गेल्यावर सवडीने बघायची. जर्मन लोकांत मात्र ती देणाऱ्याच्या समोर, तिथल्या तिथे उघडली नाही तर देणाऱ्याला वाटतं, ह्यांना आवडलेलंच दिसत नाही. आणि जमलेली मुलं वाढली होती जर्मनीत. ती नानांभोवती गोल बसली आणि टाळ्या पिटत ओरडायला लागली, "आउसपाकन! आउसपाकन!" त्यांत सगळ्यात मोठा आवाज ऊर्मिलाच्या चौदा वर्षांच्या स्वानंदीचा. नाना हसले, परत बसले आणि उघडू लागले.

पहिल्या कागदातून घडीच्या काठ्या निघाल्या. नाना म्हणाले, "वा." दुसऱ्यातून गुडघ्याला बांधायचा पट्टा. "छान." मग दमल्यावर बसायचं घडीचं स्टूल. मग निसरड्यावर बुटाखाली लावायचे दात. मग हरवल्यावर वाजवायची शिट्टी. मग गळ्यात घालायचं एक बटण, की ते दाबलं की राजसचा फोन वाजतो आणि नाना कुठे पडलेत ते त्याला नकाशावर दिसतं. शेवटी एक नारिंगी कोट. "लांबून दिसावा म्हणून," रुपेशने कौतुकाने समजावलं. मुलांच्या आग्रहाखातर नानांनी तो अंगात घातला. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

ऊर्मिला दारात उभी राहून अभिमानाने बघत होती. आपली निवड कशी एकसे एक, असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत नाना म्हणाले, "राजस, ऑक्टोबरअखेरचं तिकीट बघून ठेव बाबा माझं."

राजसने बायकोकडे पाहिलं. ऊर्मिलाने हातातला पोळीचा घास परत ताटात ठेवला. "अहो नाना, काल काही आवडलं नाही का?"

"आवडलं ना. एकेक वस्तू उत्तम आहे. तू निवडलेलं वाईट कसं असेल?" नाना अजिबात रागावलेले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. "पण काल ओळीने सगळं उघडत गेलो ना, तेव्हा मला कळलं की तुम्हा सगळ्यांना मी कसा दिसतो. पडणारा, दमणारा, वाट चुकणारा. पुण्यात असतो तर नंतर एकटा बसून उघडलं असतं, दोन वस्तू माळ्यावर टाकल्या असत्या आणि विसरूनही गेलो असतो. इथे सगळ्यांच्या समोर उघडावं लागलं, आणि वर हसावं लागलं. तुमची चूक नाही गं. पण ज्याला फक्त सांभाळायचं असतं अशा माणसाने दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहायचं?"

"दुसऱ्याच्या?" ऊर्मिलाचा आवाज चिरकला. "नाना, हे घर दुसऱ्याचं आहे?"

नाना उठले. त्यांनी कप विसळून जागेवर ठेवला आणि ते गॅलरीत गेले. ऊर्मिला बसमध्ये बसून ऑफिसला जाताना रडली. खिडकीकडे तोंड करून, पण चांगली रडली.

रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं चालू लागलं. तुटलेला भाग समोर आल्यावर हळहळत बसायचा तिचा धंदाच नव्हता. कुठे तुटला ते बघायचा होता. आणि तिला दिसलं ते इतकं उघड होतं की ती स्वतःवरच चिडली. माणूस काय मागतो ते बघ, असं साऱ्या गावाला शिकवणारी ती, तिने नानांच्या बाबतीत ते बघितलंच नव्हतं. तिने बघितला होता नानांचा गुडघा. सगळ्या भेटी तिने गुडघ्याला विचारून आणल्या होत्या. नाना बिचारे त्या गुडघ्याला जोडलेले होते, एवढंच.

"आल्झो," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून." शेजारचे आजोबा दचकले.

त्या आठवड्यात तिने नानांवर पाळत ठेवली, दुसरा शब्दच नाही. नाना कुणाकडे काही मागत नसत, हीच तर पंचाईत. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे. पण लक्ष ठेवल्यावर तिला ऐकू आलं की ते एक गोष्ट सारखी मागतात, फक्त ती वस्तू नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी स्वानंदीला विचारायचे, "ती समोरची काळी टेकडी, तिच्यामागे काय आहे गं?" स्वानंदी शाळेच्या घाईत म्हणायची, "वाल्ड, नाना." जंगल. संध्याकाळी राजसला विचारायचे, "या गावाचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं?" राजस फोन काढून दाखवायचा. नाना तो डोळ्यांपासून लांब धरायचे, जवळ धरायचे आणि परत द्यायचे. "यात डोंगर दिसतच नाही रे. नुसती निळी टिकली दिसते, आणि ती म्हणजे म्हणे मी."

एका रात्री जेवताना त्यांनी पाण्याचा तो प्रश्न तिलाही विचारला आणि ऊर्मिलाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिला काय द्यायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी फायराबेंड, म्हणजे कामाची वेळ संपल्याबरोबर ती गावातल्या पुस्तकांच्या दुकानात गेली. दुकानदाराने आधी पर्यटकांचा रंगीबेरंगी नकाशा पुढे केला, त्यात प्रत्येक वळणावर कॉफीचा कप छापलेला. "नको," ती म्हणाली, "ज्यात डोंगराच्या उंचीच्या सगळ्या रेषा आहेत तो द्या." त्याने मग गावालगतच्या आयफेल डोंगरांचा मोठा नकाशा काढला, कागदाचाच, पण ओला झाला तरी न फाटणारा. उंचीच्या तपकिरी रेषांनी तो नुसता गजबजला होता.

तिने तो कागदात बांधला नाही. भेट म्हणून दिलाच नाही. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं, नकाशा उलगडून पसरला, चार कोपऱ्यांवर मिठाची, हळदीची, साखरेची आणि चहाची बरणी ठेवली आणि हाक मारली. "नाना, जरा येता का? माझं एक काम अडलंय."

काम खरोखरच अडलं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. ऊर्मिला खोटं बोलायला फारशी हुशार नव्हती. तीन ऑक्टोबरच्या सुट्टीला जोडून मराठी मंडळातली पंधरा-सोळा माणसं दर वर्षी रुअरझे तलावाच्या बाजूला चालत जात आणि कॅम्पिंगच्या मैदानावर तंबू ठोकून राहत. त्यांना न्यायचा शिरीष, तो आता नोकरीसाठी हेर्त्सोगेनआउराखला गेला होता. तो तरी कसला नेतोय. मागच्या वर्षी त्याच्या फोनची बॅटरी संपली आणि मंडळी एका तळ्याभोवती दोनदा फिरून आली. आता तोही नव्हता.

"सहल रद्द करायची वेळ आलीय," ऊर्मिला म्हणाली. "वाट ठरवणारं कुणी नाही."

"मी कशाला त्यात?" नाना दारातच उभे होते. "तुम्ही लोक ते फोनवर बघता ना." पण बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली होती. ते दोन पावलं पुढे आले. "हा कुठून आणलास?"

"दुकानातून."

"दुकानात मिळतो? असा? कुणालाही?" नानांचा विश्वासच बसेना. त्यांच्या तरुणपणी असे नकाशे सरकार कुणाच्या हाती लागू देत नसे. कुणाच्या तरी ओळखीने एखादा बघायला मिळाला तर ट्रेसिंग पेपर लावून डोळे फुटेपर्यंत उतरवून घ्यायचा. इथे तो पावाच्या दुकानाशेजारच्या दुकानात मिळत होता. नाना वाकले आणि त्यांनी एका टेकडीवरून बोट फिरवलं, लहान मुलाच्या केसांतून फिरवावं तसं.

"मी कुकर लावते," असं म्हणून ऊर्मिला आत गेली, आणि सगळी भांडी मुद्दाम हळूहळू काढत राहिली.

कुकर झाला तेव्हा नाना खुर्चीत बसले होते आणि त्यांनी शिवणाच्या डब्यातला दोरा ओला करून एका वाटेवर वळणावळणाने चिकटवला होता. दोरा सरळ करून मोजला की अंतर कळतं. समोर स्वानंदी कोपरांवर रेलली होती. नाना मराठीत विचारत होते आणि ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"हे अर्ध्या सूर्यासारखं चित्र काय आहे गं?"

"आउसझिख्ट्सपुंक्ट, नाना." तिने हात कपाळाशी नेऊन लांबवर बघून दाखवलं.

"म्हणजे इथून सगळं दिसतं. गेनाऊ?"

"गेनाऊ!" स्वानंदी खिदळली. नाना जर्मन बोलले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"ऊर्मिला," नाना मान वर न करता म्हणाले, "हा तुमचा शिरीष नेहमी या बाजूने न्यायचा का?" त्यांनी बोट ठेवलं.

"हो."

"शहाणाच आहे. चढ सगळा सकाळी आणि उतार संध्याकाळी. माणूस चढताना दमतो, पण पडतो तो उतरताना, आणि तेही दमल्यावर. आपण उलट जायचं. उतार आधी, पाय ताजे असताना." मग थोडं थांबून, दुसऱ्या कुणाचं सांगावं तशा सुरात म्हणाले, "माझा गुडघाही उतारालाच कुरकुरतो. मागाहून नको त्याचा त्रास सगळ्यांना. त्या काठ्या कुठे ठेवल्या आहेत तेवढं बघ. या जंगलात पालापाचोळ्याखाली ओल असणार."

ऊर्मिलाने काठ्या आणून टेबलाला टेकवून ठेवल्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एरवी तिला हे जमलं नसतं.

त्यानंतरचे दिवस घरात नानांचं राज्य होतं. रुपेशला फोन गेला: तुमच्या गॅसच्या शेगडीचा वॉशर बदला. सुकन्याला फोन गेला: पिठल्याचं पीठ घरूनच भाजून, मीठ-तिखट घालून आणा, तिथे फक्त पाणी घालायचं, जंगलात कुठेही चूल पेटवायची नाही, इथे दंड करतात. नानांनी हा नियम स्वतः वाचून काढला होता, स्वानंदीला समोर बसवून. एक दिवस तर ऊर्मिला ऑफिसातून आली तेव्हा नाना घरातच नव्हते. तिचा जीव वरखाली झाला. तासाभराने नाना काठ्या टेकत आले, बुटांना चिखल, तोंडावर तांबडा रंग. "त्या काळ्या टेकडीमागे ओढा आहे," त्यांनी जाहीर केलं. "नकाशात आहे म्हणून बघून आलो. बरोबर आहे नकाशा."

फक्त तिकिटाचा विषय कुणी काढत नव्हतं. राजसने ते अजून काढलं नव्हतं. विमान कंपनीची साइट चालत नाही म्हणून तो रोज सांगायचा, आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या तोंडी हे कारण ऐकून नाना मिशीत हसायचे. पण 'राहू दे' असं काही ते म्हणाले नव्हते. ऊर्मिला विचारायला धजली नाही. नकाशाने नाना घराबाहेर पडले होते. नाना राहणार का, हे अजून तिला माहीत नव्हतं. सहल संपली की हे सगळं आवरून ते सामान बांधतील, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती.

सहलीच्या सकाळी मोन्शाऊकडे जाणाऱ्या बसने सगळे निघाले आणि वाटेतल्या एका हाल्टेश्टेलेवर उतरले. हवा थंड आणि स्वच्छ होती. बीचची झाडं पिवळी पडायला लागली होती. नानांनी निघण्याआधी सगळ्यांच्या सॅका एकदा उचलून पाहिल्या, रुपेशची सॅक रिकामी करायला लावली आणि सगळ्यांसमोर पुन्हा भरून दिली. रुपेश शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून उभा होता. मग त्यांनी माणसांची ओळ लावली. भरभर चालणारे मध्ये, हळू चालणारे पुढे, मुलं नानांच्या लगेच मागे. "जो सगळ्यात हळू, त्याच्या पावलाने सगळे चालणार," ते म्हणाले. "आणि माझ्या पुढे कुणी जायचं नाही."

ऊर्मिला सवयीने त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. उतारावर हात धरता येईल, असा तिचा हिशोब.

"तू इथे नको," नाना म्हणाले. "तू सगळ्यात शेवटी."

तिला वाटलं, अजून राग आहे. आपल्याला दूर लोटतायत. "नाना, मी जवळ असले तर काय बिघडतं? तुम्हाला काही लागलं तर..."

"मला काही लागणार नाही. ऐक." नाना एका काठीवर रेलले. बाकीची मंडळी सॅकचे पट्टे आवळण्यात गुंतली होती. "पुढे चालणं सोपं असतं. वाट माहीत असली की झालं. शेवटी चालणारं माणूस खरं. कुणाचा पाय मुरगळला, कोण मागे रेंगाळलं, कोण तोंडाने बोलत नाही पण थकलंय, हे सगळं त्याने बघायचं आणि एकालाही मागे सोडायचं नाही. ती जागा मी कधी दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिथे प्रभा चालायची. इतकी वर्षं माणसं नेली, पण ती मागे आहे म्हटल्यावर मी एकदाही मागे वळून बघितलं नाही."

ऊर्मिलाने ओळीच्या टोकाकडे पाहिलं. मग मान हलवली.

"आणि हे एकदाच सांगतोय," नाना म्हणाले. "नोव्हेंबरात जाऊ तेव्हाही तूच, आणि बर्फ पडल्यावर जाऊ तेव्हाही तूच. दर वेळी मला विचारायला लावायचं नाही. जा आता, जागेवर जाऊन उभी राहा."

ती ओळीच्या कडेकडेने मागे चालत गेली. राजसच्या जवळून जाताना त्याने खुणेने विचारलं, काय झालं? तिने हाताने सांगितलं, मग सांगते. शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन तिने सॅकचा पट्टा छातीवर बांधला, डोळे पुसले आणि पुढच्या सगळ्या पाठी एकदा मोजून घेतल्या. मग तिने हात वर केला आणि मोठ्याने ओरडली, "नाना, चला! मागे सगळे आहेत!"

पुढे नारिंगी कोटातल्या नानांनी एक काठी उचलून ऐकलं असं दाखवलं, आणि ते उताराला लागले. उतार लांबलचक होता. ऊर्मिला शेवटपर्यंत त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.